म्हातारपण आणि ऑक्सिडेटिव्ह ताण: फळमाशीची जनुकं दोन्हींत सारखीच वागतात का?

बऱ्याच अंशी हो. (ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक रेणूंमुळे पेशींना होणारी इजा.) 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण माश्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवून त्यांच्यावर हा ताण आणला आणि त्यांची जनुकं म्हाताऱ्या माश्यांशी ताडून पाहिली. दोन्हींकडे जंतूंशी लढणारी आणि बिघडलेली प्रथिनं सावरणारी जनुकं जोरात चालू होती. मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांतल्या) ऊर्जानिर्मितीची कित्येक जनुकं मात्र मंदावलेली.

मला यात प्रथिनं सावरणाऱ्या जनुकांपैकी एचएसपी-22 हे जनुक सगळ्यात मोलाचं वाटतं. उतारवयात ते खूप सक्रिय होतं. शिवाय स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींत ते मुद्दाम वाढवलं, तेव्हा माश्या जास्त जगल्या. म्हणजे ही वाढ नुसती बिघाडाची खूण नसावी, शरीराचा बचावही असावा. (माशीचं आयुष्य जेमतेम दोन-तीन महिन्यांचं, म्हणून असे प्रयोग पटकन होतात.) पण ऑक्सिडेटिव्ह ताणामुळेच म्हातारपण येतं, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही.