एडिसनमध्ये (न्यू जर्सी) कॅमोमाइल कधी पेरावं? शेवटच्या फ्रॉस्टनंतर (रात्री दव गोठवणारी थंडी) की आधी?

आधी. नंतरची वाट टोमॅटो-मिरचीसाठी बघायची. आपले बागवाले सगळी रोपं एकाच तारखेच्या दावणीला बांधतात, ते मला अजिबात पटत नाही.

ज्याच्या फुलांचा चहा करतात ते जर्मन कॅमोमाइल थंडीतलं वर्षायु झाड आहे. हलका फ्रॉस्ट ते सोसतं, उकाडा सोसत नाही. पेरणीपासून फुलं यायला दोन-अडीच महिने लागतात. मेमध्ये पेरलंत तर फुलं जुलैच्या उन्हात सापडतात, बारीक राहतात आणि झाड पिवळं पडून बसतं. एडिसनला शेवटचा फ्रॉस्ट साधारण एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरतात. त्याआधी चार आठवडे, म्हणजे मार्चअखेरीस, थेट वाफ्यात पेरा.

"आमचा झोन 7, म्हणून अमुक तारीख" हा युक्तिवाद तर सोडूनच द्या. झोन म्हणजे अमेरिकेच्या शेतीखात्याने आखलेला हवामानपट्टा; तो फक्त हिवाळ्यातलं सरासरी सर्वांत कमी तापमान सांगतो. आणि शेवटच्या फ्रॉस्टची छापलेली तारीख बहुधा 50 टक्के शक्यतेची असते. निम्म्या वर्षांत फ्रॉस्ट तिच्यानंतरही पडतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री अंदाज 36 फॅरनहाइटचा (सुमारे 2 सेल्सियस) असला तरी जमिनीलगत पांढरं होतं, कारण तापमान मोजतात ते पाच-सहा फुटांवर.

बी धुळीसारखं असतं, एका ग्रॅममध्ये हजारो. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फोका आणि फळीने दाबा. वर माती टाकू नका, उगवायला उजेड लागतो. पाणी बारीक फवाऱ्यानेच. झारीने बी वाहून वाफ्याच्या एका कडेला गोळा होतं. गार मातीत उगवायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर वरचा थर सुकता कामा नये. कोवळे मोड बरेचदा थंडीने मरत नाहीत. माती रात्री गोठून फुगते, मोड वर उचलले जातात आणि उघडी मुळं दुपारच्या वाऱ्याने वाळतात. म्हणून दोन पानांवर असेपर्यंत पातळ रो-कव्हर (वाफ्यावर अंथरायचं हलकं कापड) घाला. पुढे विरळणी करून 6 ते 8 इंच अंतर ठेवा.

"आमची रोपं फ्रॉस्टने गेली" म्हणणाऱ्यांची रोपं बहुतेक खिडकीत वाढलेली असतात. आठवडाभर बाहेरची सवय न लावता कोणतंही रोप लावलं तर ते जाणारच.

पाकिटावर रोमन कॅमोमाइल असेल तर ते बहुवर्षायु. पहिल्या वर्षी फुलांची फार आशा धरू नका. रॅगवीडची (कॅमोमाइलच्याच कुळातलं एक तण) अ‍ॅलर्जी असेल तर चहा जपून. पुण्याकडे कुणी विचारत असेल तर तिथे फ्रॉस्टचा प्रश्नच नाही: ऑक्टोबरात रोप टाकायचं, नोव्हेंबरात लागण.