८०२.१एक्स लावल्यावर लॅपटॉप चालतो, मग प्रिंटरला आयपी का मिळत नाही?

सिस्कोच्या स्विचवर सगळ्या पोर्टना ८०२.१एक्सचं, म्हणजे यंत्राची ओळख पटल्यावरच पोर्ट उघडण्याचं, एकच सेटिंग लावलंय, लॅपटॉप लगेच लागतात, प्रिंटर मात्र आयपीविना, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याविना, बसून राहतो, असं तुम्ही विचारलंय. स्विच बिघडलेला नाही. तो उत्तराची वाट बघतोय.

लिंक आली की स्विच विचारतो, "तू कोण?" लॅपटॉपमध्ये उत्तर देणारं सॉफ्टवेअर चालू असतं. प्रिंटरमध्ये ते बहुधा बंदच असतं. मग स्विच ३० सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो, असं तीनदा. ९० सेकंद गेल्यावर तो मॅबकडे वळतो, म्हणजे प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) रेडियस सर्व्हरला, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हरला, दाखवून पोर्ट उघडतो. पण तोवर प्रिंटरने डीएचसीपीचा, म्हणजे आयपी मागण्याचा, नाद सोडलेला असतो.

मी पहिल्यांदा यात अडकलो तेव्हा दर दोन मिनिटांनी केबल काढून घालत होतो. तेच चुकत होतं. लिंक तुटली की सेशन संपतं आणि ते ९० सेकंद पहिल्यापासून सुरू होतात. शेवटी 'शो ऑथेंटिकेशन सेशन्स' बघितलं, तर मॅब पास झालेला, आणि प्रिंटरच्या पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे आयपी मिळाला नाही की यंत्र स्वतःच घेतं तो!

प्रिंटरच्या पोर्टवर 'मॅब' ही ओळ आहे ना, ते आधी बघा. मग 'डॉटवनएक्स टाइमआउट टीएक्स-पीरियड १०' द्या, म्हणजे दर वेळी ३० ऐवजी १० सेकंदच थांबेल आणि ९० चे ३० सेकंद होतील. लॅपटॉपच्या पोर्टवर हा आकडा फार खाली नेऊ नका, नाहीतर सावकाश सुरू होणारे लॅपटॉपही मॅबमध्ये जाऊन पडतात. रेडियसमध्ये मॅक पत्ता छोट्या अक्षरांत, कोलनशिवाय, सलग बारा अक्षरं असा भरा. प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवर तो बहुतेक मोठ्या अक्षरांत असतो, तसाच उतरवला तर नापास होऊ शकतो.

त्या स्टिकरचीच मला जास्त काळजी वाटते. तो वाचून कुणीही आपल्या लॅपटॉपला तोच मॅक पत्ता देऊ शकतो, आणि स्विचला फरक कळत नाही. म्हणून प्रिंटरचं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा भाग, वेगळं ठेवा आणि तिथून फक्त प्रिंट सर्व्हरपर्यंतच वाट द्या.

बाकीच्या मजल्यांवर लावताना आधी दोन आठवडे 'ऑथेंटिकेशन ओपन' ठेवा. नापास झालेलं यंत्रही चालत राहतं, आणि रेडियसच्या लॉगमध्ये नापासांची नावं जमतात. कोपऱ्यातलं हजेरीचं मशीन, कॅमेरे, कुणाच्याच यादीत नसलेला जुना स्कॅनर, सगळं तिथेच सापडेल.