'नवरा माझा नवसाचा' सिनेमात नवसाची थट्टा केली आहे का? देवभोळ्या आईवडिलांना दाखवावा का?

बिनधास्त दाखवा. थट्टा आहे, पण ती नवस बोलून विसरणाऱ्यांची, आणि ती व्हायलाच पाहिजे.

सचिन पिळगावकरांचा हा २००४चा सिनेमा. लेकरू झालं तर त्याला नागडं गणपतीपुळ्याला आणू, हा आईबापांचा नवस फेडायचा राहून गेलेला. तान्हेपणी फेडला असता तर कुणी वळूनसुद्धा बघितलं नसतं. आता त्या लेकराचा बाप्या झालाय, लग्न झालंय, आणि बायको म्हणते फेडायचाच. सगळी गंमत त्या उशिरात आहे. एसटीचा प्रवास आणि अशोक सराफांचा कंडक्टर तर आहेतच, पण हसू येतं ते माणसाच्या टाळाटाळीचं. देवाला कुणी बोट लावत नाही.

ठासून सांगतोय कारण आमच्या घरात हेच घडलंय. धाकटा भाऊ लहानपणी सारखा आजारी असायचा. लातूरचे दवाखाने करून करून आई थकली आणि तुळजापूरला गेली. लेकरू वाचलं तर त्याच्या वजनाइतका गूळ गावाला वाटीन, असं बोलली. देवळातल्या चिंतामणीच्या दगडावर हात ठेवून कौल घेतला; उजवीकडं फिरला तर काम होणार, डावीकडं फिरला तर नाही, अशी तिथली श्रद्धा. दगड उजवीकडं फिरला, हे ती आजही छातीवर हात ठेवून सांगते. भाऊ बरा झाला. तेव्हा एका ढेपेत भागलं असतं. पण त्या साली पाऊस नाही, मग ताईचं लग्न, मग बोअर. वडील म्हणायचे, देवी कुठं पळून चाललीय का?

भावाचं लग्न ठरलं, त्या दिवसांत टीव्हीवर हा सिनेमा लागला. आम्ही पोट धरून हसत होतो आणि आई मधेच उठून आत गेली. बाहेर आली ती वडिलांना सांगतच: "हळदीच्या आधी गूळतुला झाली पाहिजे." भाऊ तोवर नव्वद किलोच्या पुढं गेलेला. वडील म्हणाले, तेव्हाचं वजन धरू की. आई म्हणाली, "लेकराच्या वजनाइतका बोलले होते. लेकरू आज एवढं आहे."

गूळ मार्केटातनं ढेपा आणल्या. मारुतीच्या पारापुढं मोठा तराजू टांगला. एका पारड्यात भाऊ मांडी घालून, दुसऱ्यात आम्ही ढेपा चढवतोय, आणि सगळं गाव हसतंय. पारडी बरोबरीला आली तशी आई "आई राजा उदो उदो" म्हणून ओरडली, सगळ्या गावानं साथ दिली. गूळ घरोघर गेला, वस्तीवर गेला, ऊसतोडीहून आलेल्यांच्या घरीही गेला. लग्नानंतर देवीचा गोंधळ घातला तेव्हाही लोक त्या तुलेचंच बोलत होते.

आमचे दाजी पुण्याला असतात. त्यांनी त्याच दिवशी पारावर उभं राहून सांगितलं, नवस म्हणजे देवाला लाच. आजही प्रत्येक लग्नकार्यात हेच बोलतात. मला हे साफ चूक वाटतं. लाच कामाआधी देतात आणि लपवून देतात. नवस फेडतात तो काम झाल्यावर, चारचौघांत. काम झालं नाही तर देणं लागतच नाही. आणि तो गूळ देवीनं खाल्ला का? गावानं खाल्ला. दाजींनीही खाल्ला.

आता दोन गोष्टी राहिल्या. घरात कुणी लेकराची वाट बघत असेल, तर त्यांच्यासमोर हा सिनेमा जरा जपून लावा. नवसाच्या लेकराची गोष्ट त्यांना बोचू शकते. आणि दुखणं असेल तर आधी डॉक्टर. आईनंही एक औषध चुकवलं नव्हतं. बकऱ्याचे नवस मला मान्य नाहीत, पण तो वेगळा विषय.

दुसरा भाग २०२४ला आला, त्यात कोकण रेल्वेचा प्रवास आहे. आईवडिलांना आधी पहिला दाखवा. आणि दाजी, हे वाचत असाल तर लाचेचं पुढच्या वेळी आईसमोर बोला, माझ्यासमोर नको.