चरबी तपकिरी होते का?

प्रश्न : व्यायामाने पांढरी चरबी तपकिरी होते आणि मग बसल्या जागी जळत राहते, असा मेसेज आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर फिरतोय. मी दोन वर्षं व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज पाऊण तास चालतो, पोट मात्र जिथल्या तिथे. काय चुकतंय? (वय ५२, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : मेसेज उंदरांच्या बाबतीत बराचसा खरा आहे.

पांढऱ्या चरबीच्या पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो. तपकिरी पेशीत बारीक बारीक थेंब आणि खच्चून भरलेली मायटोकाँड्रिया, म्हणजे इंधन जाळणाऱ्या पेशीतल्या इवल्या भट्ट्या. त्यांतल्या लोहामुळे हा रंग. हिडकल धरणाचं पाणी टर्बाइनवर सोडलं तर वीज होते, नुसता दरवाजा उघडला तर वाहून जातं. तपकिरी पेशीत यूसीपी-१ नावाचं प्रथिन असा दरवाजा उघडतं. इंधन जळतं, पण हाती फक्त उष्णता लागते.

२०१२ साली हार्वर्डच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने दाखवलं, की राबणारा स्नायू एफएनडीसी-५ हे प्रथिन बनवतो, त्याचा तुकडा सुटून रक्तात येतो आणि उंदरांची पांढरी चरबी तपकिरीकडे झुकवतो. ग्रीक दूत-देवतेवरून त्याचं नाव पडलं आयरिसिन. माणसात गाडी अडली. एफएनडीसी-५ बनवणाऱ्या आपल्या जनुकाची सुरुवातीची खूणच वेगळी आहे, त्यामुळे प्रथिन कमी बनतं. त्यात सुरुवातीचे बरेचसे टेस्ट किट भलतीच प्रथिनं मोजत होते. २०१५ मध्ये नेमक्या पद्धतीने मोजल्यावर बैठ्या माणसांत मिलिलिटरला सुमारे ३.६ नॅनोग्रॅम आणि व्यायाम करणाऱ्यांत ४.३ आढळलं. म्हणजे आयरिसिन आहे, फरक मात्र थोडका. लांब पल्ल्याच्या खेळाडूंत तपकिरी चरबी जास्त काम करत असेल म्हणावं, तर तसंही दिसलेलं नाही.

तुमच्या पोटाच्या दृष्टीने स्नायूचा दुसरा निरोप महत्त्वाचा : इंटरल्यूकिन-६, हेही राबणारा स्नायू रक्तात सोडतो ते प्रथिन. डेन्मार्कमधल्या २०१९ च्या प्रयोगात पोट सुटलेल्या लोकांनी १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं सायकल मारली. त्यांची आतड्यांभोवतीची चरबी घटली. ज्यांना इंटरल्यूकिन-६ अडवणारं औषध दिलं होतं, त्यांनी तेवढीच सायकल मारूनही ती घटली नाही. रंग बदलण्यापेक्षा हे कामाचं.

हा निरोप भरपूर सुटतो तो स्नायू बराच वेळ, जोर लावून राबला तर. गप्पा मारत पाऊण तास चालण्याने तेवढा नाही. शिवाय ७० किलोच्या माणसाच्या अशा चालण्यात जेमतेम १५०-२०० किलोकॅलरी खर्च होतात आणि परतताना इडली-वडा व साखरेचा चहा झाला, की हिशेब उलटा. किलोभर चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात, हे लक्षात ठेवा.

आठवड्यातून चार दिवस असं करा : ५ मिनिटं सावकाश, मग ३ मिनिटं इतकं झपाझप, की चार शब्द बोलता येतील पण गाणं म्हणता येणार नाही, ३ मिनिटं हळू. अशा ५ फेऱ्या, शेवटी ५ मिनिटं सावकाश. उरलेल्यांपैकी दोन दिवस खुर्चीला टेकून उठायच्या बैठका, १० च्या ३ खेपा. गुडघा कुरकुरला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. वजनकाट्यावर रोज चढू नका, टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पंधरा दिवसांतून एकदा. पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या, बायकांनी ८० च्या आत राहावं. चालताना छातीत दाब येत असेल तर हा वेग सोडा, आधी डॉक्टरांना दाखवा. इन्शुलिनवर असाल तर खिशात साखर हवीच.

प्रश्न : पहाटे गार पाण्याने अंघोळ केली तर तपकिरी चरबी वाढेल का? (निपाणी)

उत्तर : थंडीने ती जागी होते, हे माणसातही दिसलंय, पण प्रयोगात लोकांना १७ अंशांच्या खोलीत रोज दोन तास, सहा आठवडे बसवलं होतं. चार तांबे पाण्याने ते होत नाही. बीपी असेल तर भर थंडीत हा हट्ट नकोच, गार पाण्याने ते एकदम चढतं.

प्रश्न : आयरिसिनच्या गोळ्या घ्याव्यात का? (खानापूर)

उत्तर : आयरिसिन हे प्रथिन. पोटात गेलं, की डाळीच्या प्रथिनासारखं पचून जातं. त्यापेक्षा डाळच घ्या.