शेवटचे वाक्य आणि 22 वर्षे

प्रश्न : माझे यजमान गेल्या पौष महिन्यात, वयाच्या 52 व्या वर्षी, अचानक गेले. सकाळी नेहमीप्रमाणे मासळी आणायला बाहेर पडले आणि बाजारातच कोसळले. 108 ची रुग्णवाहिका आली, पण इस्पितळात पोहोचेपर्यंत सारे संपले होते. आदल्या रात्री छातीत जळजळते असे ते म्हणाले, तेव्हा मी कोकमाचे आगळ पाण्यात घालून दिले आणि झोपायला सांगितले. त्या सकाळी पाडेलीला (झाडावरचे नारळ पाडणाऱ्याला) निरोप द्यायचे पुन्हा विसरले म्हणून ‘तुमच्यावर काही सोपवण्यात अर्थच नाही’ असे मी बोलले. आमच्या 22 वर्षांच्या संसारातले ते माझे शेवटचे वाक्य ठरले. मुलगा पुण्याला शिकतो. त्याने फोन उचलला नाही तर माझे हातपाय थरथरतात, म्हणून मी दिवसातून चार-पाच वेळा फोन करते आणि तो आता वैतागतो. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. त्यांच्यासमोर मी यांचे नाव काढत नाही, त्याही काढत नाहीत. मधे बहिणीकडे मी खळखळून हसले आणि रात्रभर स्वतःचा राग येत राहिला. कधी कधी छातीत दाटून येते. गणपतीची चवथ तोंडावर आली आहे. मूर्तीच्या वर टांगायची फळांची माटोळी दरवर्षी हेच बांधत. मी काय करावे? – एक वाचक भगिनी, माशेल (गोवा)

उत्तर : ताई, तुमचे ते शेवटचे वाक्य मी अनेकदा वाचले आणि मला त्यात कठोरपणा दिसला नाही. परगावी निघालेल्या माणसाशी आपण जपून बोलतो. बाजारात जाऊन तासाभरात परत येणाऱ्या माणसाशी तसे कोणी बोलत नाही. तो येणारच आहे, दुपारी शेजारी बसून जेवणारच आहे, या खात्रीतूनच असे वाक्य तोंडातून निघते, आणि 22 वर्षे तुमच्यासोबत राहिलेल्या माणसाने ते त्याच अर्थाने ऐकले असणार. दीर्घ आजारात माणूस जातो तेव्हा रुसवा काढायला, पाय चेपायला, दोन शब्द बोलायला अवधी मिळतो. अचानक आलेला मृत्यू तो अवधी देत नाही, म्हणून मन त्या शेवटच्या तासावरच अडून बसते आणि सगळा संसार त्या एका तासाच्या मापाने मोजू लागते. पण रात्री उठून आगळ कालवून देणाऱ्याही तुम्हीच होतात ना? त्याला त्या वाक्यापर्यंत बारा तासही झाले नव्हते. शेवटचे मोजायचेच असेल तर तेही मोजा.

त्या रात्रीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. पित्ताची जळजळ आणि हृदयाचे दुखणे यांतला फरक पुष्कळदा डॉक्टरांनाही ईसीजी आणि रक्ततपासणीशिवाय सांगता येत नाही. हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर साचायला वर्षे जातात. पाडेलीवरून झालेल्या कुरबुरीने ते साचत नाहीत. जे आज तुम्हाला लख्ख दिसते, ते त्या रात्री दिसण्याजोगे नव्हते. (इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो : छातीतली जळजळ थांबत नसेल, सोबत घाम, धाप किंवा हाताकडे, जबड्याकडे सरकणारी कळ असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता 108 ला फोन करावा.)

तुमच्या स्वतःच्या छातीत दाटते, त्याला मात्र ‘दुःखामुळे होत असेल’ म्हणून बाजूला सारू नका. तीव्र मानसिक आघाताने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक विकार जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये प्रथम नोंदवला, आणि तो पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. तुम्हाला तोच असेल असे मी म्हणत नाही. पण याच आठवड्यात तपासणी करून घ्या.

बहिणीकडे हसलात यात अपराध नाही. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडले की शोक करणारे माणूस गेलेल्याच्या आठवणी आणि पुढचे जगणे या दोहोंमध्ये सतत ये-जा करत असते, आणि त्या ये-जेतूनच ते सावरते. मुलाच्या बाबतीत मी थोडा कठोर होतो. तुमचे चार-पाच फोन ही माया आहेच, पण त्याला ऐकू येते ती चौकशी, ‘जिवंत आहेस ना?’ एवढीच. वडील त्याचेही गेले आहेत. सकाळी त्याने एक निरोप पाठवावा असे ठरवा, आणि रात्रीच्या एका फोनवर त्याच्या वडिलांविषयी बोला, अगदी पाडेलीच्या त्या सकाळीविषयीसुद्धा. ते वाक्य तुम्ही कोणाला तरी मोठ्याने सांगायला हवे, आणि तो ते ऐकण्याइतका मोठा झाला आहे.

सात महिन्यांचा शोक हा आजार नव्हे. मात्र झोप, जेवण, कामधाम बहुतेक दिवस कोलमडलेलेच राहिले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर थांबू नका. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते, आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मनोविकारतज्ज्ञ आहेत.

आता सासूबाई. एकमेकींना त्रास नको म्हणून तुम्ही दोघी एका घरात वेगवेगळ्या रडता आहात. त्यांचा मुलगा गेला आहे. त्याचे नाव न काढल्याने त्यांना त्याचा विसर पडत नाही, उलट ते नाव आता कोणालाच नको आहे असे त्यांना वाटत असेल. चवथीला मूर्ती आणावी की भावकीच्या घरी पूजा व्हावी, हा प्रथेचा भाग भटजींना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना ठरवू द्या. घराघरांत रीत वेगळी असते. माटोळी यंदा बांधली नाही तरी ती कशी बांधायची हे सांगणारे माणूस तुमच्या घरातच आहे. तुमच्या यजमानांना ते कोणी शिकवले, आधी सुपारीची शिपटी (घड) बांधायची की नारळ, कांगले आणि कवंडळे ही रानफळे ते कोणत्या डोंगरावरून आणत, आंबाडे कोणाच्या बागेतले, हे सासूबाईंना विचारा आणि वहीत लिहून घ्या. मुलगा सुटीत आला की ती वही त्याच्याकडून आजीसमोर मोठ्याने वाचून घ्या. काही चुकले असेल तर त्या सांगतील.