कमानपाट्याचा कोयता आणि बंद घर

प्रश्न : मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता घडवून घेतला. पावसाळाभर घर बंद होते आणि दिवाळीत पाहिले तर पाते तांबेरलेले. विजेच्या चाकावर घासून ते चकचकीत करून घेतले. परंतु आता शहाळे तासतानाही धार वळते. लोहाराने हलके लोखंड वापरले असेल काय? तसेच कोयता पुण्याला आणण्यास कायद्याची अडचण आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लोहाराला दोष देण्याआधी कोयता उजेडात धरून धारेलगतची कड निरखून पाहावी. तेथे निळसर झाक दिसत असेल, तर दोष चाकाचा आहे. कमानपाट्याचे पोलाद चांगले असते. लोहार ते तापवून धारेपुरते पाणी पाजतो, म्हणजे एकदम थंड करून कडक करतो, आणि पाठ मऊ राखतो, म्हणून घाव बसला तरी पाते तुटत नाही. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, आणि ती सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळी पडली की पाजलेले पाणी उतरू लागते. नंतरच्या घासण्यात निळेपणा निघून गेला असेल, तर कानस लावून पाहावी. ती लोण्यासारखी चालली, तर धार मऊ पडली आहे असे समजावे. बिघाड केसभर असल्यास ओल्या दगडावर तेवढी कड उतरवून टाकता येते. जास्त असल्यास कोयता त्याच लोहाराकडे न्यावा आणि पुन्हा पाणी पाजून घ्यावे. पुढे धार हातानेच लावावी, दोन्ही अंगांनी साधारण २० ते २५ अंशांचा उतार ठेवून. स्वयंपाकघरातल्या सुरीसारखी बारीक धार नारळाच्या करवंटीवर टिकत नाही, तिला खांडे पडतात.

चकचकीतपणाचा हट्ट मात्र सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कैरीच्या, कोकमाच्या रसाने पात्यावर जो काळसर थर धरतो तो निरुपद्रवी असतो, आणि तांबेरा काही प्रमाणात लांबवतोही. लाल, हाताला भुकटी लागणारा गंज तेवढा खोबरेल आणि बारीक पॉलिश पेपरने काढावा. फणसाचा चीकही खोबरेलानेच सुटतो, पाण्याने नाही. घर बंद करताना पाते पुसून, कोरडे करून, तेलाचा पातळ हात फिरवावा आणि ते मोकळ्या हवेत टांगावे. चामड्याच्या म्यानात मुळीच ठेवू नये, कारण पावसाळ्यात चामडे ओल धरून ठेवते.

लाकडी मूठ सैल झाल्यास ती पाण्यात भिजवण्याची जुनी युक्ती दोन दिवसांपुरतीच असते, वाळल्यावर मूठ अधिकच हलते. मुठीला जवसाचे तेल चोळावे, पण त्याचे फडके चुरगळून टाकू नये. ते आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून वाळवावे.

कायद्याविषयी : शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांवर निर्बंध असले, तरी घरगुती आणि शेतीकामासाठी घडवलेली हत्यारे त्यांतून वगळलेली आहेत. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये हत्यारे घेऊन फिरण्याविरुद्ध निघणारे मनाईआदेश वेगळे असतात, आणि कोयता म्हटल्यावर पुण्यात हल्ली कोणाला नारळ आठवत नाही. आणायचाच असेल, तर गोणपाटात घट्ट बांधून सामानाच्या तळाशी ठेवावा. विमानाच्या केबिनमध्ये तो नेता येत नाही. नारळ आणि फणस गावीच असतील, तर कोयताही तेथेच शेजाऱ्यांकडे वापरात राहू द्यावा. रोज हाताळल्या जाणाऱ्या पात्याला तांबेरा सहसा धरत नाही.