कुलूप सारखंच, फरक पचवण्यात

ताई, घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीच्या गच्चीत वालावर मावा पडलाय, समोरच्या टॉवरला आग्या मोहोळ लागलंय, आणि तुम्ही विचारताय की संगणकाला प्रथिनांचे आकार कळायला लागले, तर फक्त किडीला मारणारं औषध का निघत नाही? तुर्भ्याच्या एका कारखान्यात कीटकनाशकांच्या प्रयोगशाळेत मी २२ वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माव्यावर मारतात ते इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मज्जातंतूवरच्या निकोटिनिक रिसेप्टरला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. औषध बसतं ती खोबण माव्यात आणि मधमाशीत जवळपास सारखीच, त्यामुळे एकीच्या कुलपाची किल्ली दुसरीलाही लागते. कीटकांचा हा रिसेप्टर प्रयोगशाळेत हाताळणं फार अवघड. म्हणून २००१ साली एका गोगलगायीतल्या तशाच प्रथिनाची रचना मिळाली, तेव्हापासून बरीच वर्षं बरेचसे अंदाज अशाच प्रथिनांवरून बांधले गेले. मधमाशीचा जीनोम, म्हणजे तिच्या जनुकांचा पूर्ण आराखडा, २००६ मध्ये आला, आणि २०२१ पासून अल्फाफोल्ड ही संगणक प्रणाली नुसत्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार सांगू लागली.

पण खरी वाट कुलपात नाही, पचवण्यात सापडली. थायाक्लोप्रिड हे त्याच गटातलं कीटकनाशकही मधमाशीच्या रिसेप्टरवर घट्ट बसतं, तरी इमिडाक्लोप्रिडच्या मानाने तिला कितीतरी कमी बाधतं. २०१८ मध्ये कारण कळलं: माशीच्या अंगातलं सीवायपी९क्यू३ नावाचं विकर (एन्झाइम, म्हणजे रसायनं तोडणारं प्रथिन) थायाक्लोप्रिडचे झटपट तुकडे करतं, इमिडाक्लोप्रिडचे मात्र फारसे करत नाही. म्हणजे रेणू असा घडवायचा, की माशीच्या या विकरात तो नेमका बसावा आणि किडीच्या विकरांना दाद देऊ नये. इतकी वर्षं आम्ही रेणू आधी बनवायचो आणि माश्यांवर नंतर तपासायचो. आता माशीचा विचार कागदावरच, पहिल्या दिवशी करता येतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

तरी डब्यावरच्या ‘मधमाशीसाठी सुरक्षित’ या शब्दांवर डोळे मिटून विसंबू नका. परदेशात लसूणघासाच्या परागीभवनासाठी पाळतात त्या पानकापी माशीत विकरांचा हा गटच नाही. थायाक्लोप्रिड तिला मधमाशीपेक्षा २५०० पटींहून जास्त घातक ठरलं. शिवाय माणसाच्या प्रजननाला असलेल्या धोक्यासारख्या कारणांनी युरोपात २०२० मध्ये त्याची मंजुरी वाढवून मिळाली नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो: अझोल नावाच्या गटातली काही बुरशीनाशकं माशीची हीच विकरं बंद पाडतात. मग एरवी पचणारं औषधही तिला मारतं. शहापूर-मुरबाडकडे भाजीच्या मळ्यांत फेरी वाचावी म्हणून एकाच पंपात कीटकनाशक आणि बुरशीनाशक दोन्ही कालवलेली मी स्वतः पाहिली आहेत. तुमच्या माळ्यालाही ती सवय असेल, तर आजच थांबवा.

तुमच्या वालासाठी रसायनाची गरजच नाही. माव्याने भरलेले शेंडे खुडा, पानांच्या मागून पाण्याचा जोराचा फवारा मारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. उरलाच तर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून मारा, तेही फुलं टाळून. ‘संध्याकाळी मारलं की माश्या सुटतात’ असं सर्रास सांगतात, पण आग्या माश्या चांदण्या रात्रीही फुलांवर जातात. तेव्हा पौर्णिमेच्या आसपास तर फवारणीचं नावच काढू नका.